सागवानी टेबलाची पावती

चंद्रपूरच्या न्यायालयाजवळच्या एका लहानशा कार्यालयात, वकीलबाईंच्या समोर बसलेलो असताना, मला आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हस्ताक्षराची भीती वाटली. ते हस्ताक्षर एका पावतीवर होते, आणि ती पावती मीच पंच करून फायलीत लावली होती.

माझ्या शेजारी माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. आलापल्लीच्या शाळेत मी त्याला गणित शिकवले. त्याचे वडील सुतार होते. तोही सुतार झाला आणि चंद्रपुरात येऊन त्याने सागवानी फर्निचरचे दुकान काढले. निवृत्तीनंतर मीही इथेच राहू लागलो, त्यामुळे येणेजाणे टिकले. दुकान बरीच वर्षे नीट चालले. मग गिऱ्हाइके दाबलेल्या भुशाची तयार कपाटे घेऊ लागली. एका मोठ्या ऑर्डरीचे पैसे बुडाले, रंधायंत्राचे बँकेचे हप्ते थकले, आणि ते भरण्यासाठी त्याने खाजगी फायनान्सचे कर्ज काढले. शेवटी एका लाकूड व्यापाऱ्याने दावा जिंकला. त्या वसुलीत अटक का करू नये, अशी नोटीस आली. तेव्हा तो माझ्याकडे आला.

"सर, मले नादारीचा अर्ज कराचा हाय. यादी तुमी लिहून द्या. माया अक्षर मलेच वाचता येत नाई."

नादारीचा अर्ज म्हणजे आपण देणी फेडू शकत नाही, हे न्यायालयापुढे मान्य करणे. एकदा अर्ज केला की कर्ज मिटते, असे आम्हा दोघांनाही वाटत होते. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत हा समज दूर केला. अर्ज मंजूर झाला की माणसाची मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून आलेली रक्कम सर्व धनकोंना, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांना, प्रमाणात वाटली जाते. उरलेल्या देण्यातून सुटका मिळते ती नंतर, आणि वागणूक सरळ असेल तर. शाळेत सरळव्याजाच्या धड्यात मी 'धनको' हा शब्द शेकडो वेळा फळ्यावर लिहिला होता. तो माणूस समोर येऊन बसतो, हे मात्र मी कधी शिकवले नव्हते.

तीन दिवस मी त्याला घरी बसवून याद्या केल्या. एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी. काय उरेल, हेही वकीलबाईंनी सांगितले होते: अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, पत्नीचे मंगळसूत्र आणि हाताची हत्यारे. वाकस, पटाशी, करवत, हातरंधा. यंत्र मात्र बँकेचे. हत्यारे राहणार हे ऐकून त्याने पहिल्यांदा पाणी मागितले. मग मी जामीनदाराचे विचारले. बँकेच्या कागदांवर त्याच्या मोठ्या भावाची सही होती.

"तो सुटत नाही," मी म्हणालो. "तुला सुटका मिळाली तरी बँक त्याच्याकडे मागू शकते."

"म्हंजे मी सुटलो आन् दादा अडकला?"

"होय."

"सर, हे तुमी सहीच्या आधी शिकवाले पायजे होतं," तो म्हणाला, आणि बराच वेळ नखाने टेबलाची कड खरवडत राहिला.

ते टेबल त्यानेच केले होते. सात आठवड्यांपूर्वी तो टेम्पोतून ते घेऊन आला होता. रुंद फळी, दोन खण, एकही खिळा नाही. यंत्राच्या पहिल्या भरण्यासाठी मी त्याला माझ्या निवृत्तीच्या रकमेतून चाळीस हजार उसने दिले होते. त्या दिवशी तो म्हणाला, "सर, नगद जमून नाई राह्यले. हे ठेवा. हिसाब बराबर." मी आनंदाने मान्य केले, आणि सवयीप्रमाणे पावतीही लिहिली: सागवानी टेबल एक, मिळाले; उसनी रक्कम पूर्ण फिटली. तारीख घातली, सही केली, दोन प्रती केल्या. माझी पत्नी म्हणाली, "पोरगं टेबल देऊन राह्यलं, आन् तुमी त्याची परीक्षा घेऊन राह्यले."

फाईल परिपूर्ण असावी म्हणून ती पावतीही मी लावली. आता वकीलबाई तीच वाचत होत्या.

"सर, ही सही कोणाची?"

"माझी," मी सांगितले. त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्यांनी पेन खाली ठेवला. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत, फेडण्याची ऐपत नसताना, बाकीच्यांना सोडून एकाच धनकोला मुद्दाम असे दिले असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो, हे त्यांनी समजावले. टेबल परत द्यावे लागेल. तीन महिने उलटेपर्यंत थांबता येईल का, असे मी विचारले. नोटिशीची तारीख पुढच्या आठवड्यात होती.

पुढे जे झाले त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. माझा हात फायलीकडे गेला. पावती फायलीच्या तारेतून सुटू लागली होती, तेव्हा शेजारून आवाज आला.

"सर, वहीत खोडाखोड केली तर तुमी कान पिळत होते. डावा कान अजून जरा लांबच हाय माया."

वकीलबाई हसल्या. मी हात मागे घेतला.

पण त्याचीही एक अट निघाली. "टेबल लिहा. पण सरांचं नाव त्या यादीत नाई. फायनान्सवाले, लाकूडवाला, आन् त्याच्याखाली सर? मी टेबल देल्लं ते त्याच्याचसाठी."

"टेबल परत आलं की त्यांचं देणं उभं राहतं, भाऊ," वकीलबाई म्हणाल्या. "एक नाव लपवलं तरी अर्ज धोक्यात येतो. अटकेपासून संरक्षण मिळणार नाही, उलट शिक्षेची वेळ येईल."

ज्याला आदर द्यायचा त्याचे आधी फेडायचे, हे माझ्या विद्यार्थ्याला घरातूनच ठाऊक होते. कायद्याला सगळे धनको सारखेच, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. अर्जाचा विचार मनात येताच, कोणालाही काहीही देण्याआधी, वकिलाचे दार गाठायला हवे होते. मी तर पावतीची दुसरी प्रत त्याच्या खिशात घालून त्याला चहा पाजला होता.

मी कागद ओढला. मालमत्तेत टेबल लिहिले. देण्यांच्या यादीत आठव्या नावाखाली नऊ हा आकडा घातला, आणि त्यापुढे माझे पूर्ण नाव, पत्ता व रक्कम लिहिली. अक्षर नेहमीसारखे आले नाही. त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग सही केली.

पुढच्या आठवड्यात न्यायालयाने त्याला अटकेपासून तात्पुरते संरक्षण दिले आणि तात्पुरता रिसीव्हर नेमला. त्यानंतर दोन दिवसांनी तो टेबल रिसीव्हरकडे न्यायला आला. मी खण रिकामे करून ठेवले होते. टेबल उचलण्याआधी त्याने फळीवर तळहात टेकून जरासे दाबले.

"सर, हा पाय हलते. काऊन सांगितलं नाई?"

"आता काय करायचे? लिलावात जाणार ते."

"म्हनून का हलतं टेबल पाठवू?" तो म्हणाला, आणि पिशवीतून पटाशी काढून माझ्या व्हरांड्यात उकिडवा बसला.