पाणी प्यालेली मोटर

उदगीरला देगलूर रस्त्यावर रामलिंग अप्पांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पाटीवर नाव अजून अप्पांचं; पण त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून पंप उघडायचा, जळकं तांबं ओढून काढायचं, नवी तार भरायची, हे सगळं त्यांची थोरली लेक रुद्राणी करते. तरी गिऱ्हाईक पंप उतरवून तिलाच विचारतं, "अप्पा कुठं हायत?"

अप्पा बाहेर, पंप तपासायच्या हौदाजवळ खुर्ची टाकून. आल्यागेल्याला सांगायला त्यांच्यापाशी एकच विषय : धाकटा विरूपाक्ष. तो नांदेडला तंत्रनिकेतनात शिकवतो आणि यंदा त्यानं पाणबुडी करायला घेतली होती. हातभर लांब, पीव्हीसीच्या पाइपाची, रिमोटवरची.

"माझा लेक पाण्याखाली नाव चालवतोय," अप्पा म्हणायचे.

आत रुद्राणीचा तारेवरचा हात थांबायचा. तिनं भरलेल्या मोटरी दोनदोनशे फुटांवर पाण्याखाली रात्रंदिवस चालत होत्या. त्यांचं नाव अप्पांनी कधी काढलं नव्हतं.

विरू रविवारी यायचा, कारण हौद इथंच. पहिल्या खेपेला त्यानं खेळण्यातल्या गाडीची मोटर आणली, कार्बनवाली, आतले कार्बनचे तुकडे घासत फिरणारी. ती पाण्यात अडली तेव्हा दुसऱ्या खेपेला ड्रोनची. मोटर तो डबीवरचे आकडे वाचून निवडायचा. ज्याचा आकडा मोठा ती चांगली.

"अक्का, ही बघ. वाऱ्यासारखी फिरती."

"फिरू दे की," रुद्राणी मान वर न करता म्हणाली.

फिरली ती, पण हौदात नुसता फेस. पाणबुडी वीतभर पुढं सरकून जागीच घुमायला लागली. मोटरीत पाणी शिरू नये म्हणून विरूनं ती नळीत कोंबून ग्रीस ठासलेलं. रबरी सील ढिलं ठेवलं की पाणी आत, आवळलं की मोटरच अडायची. शेवटी धूर निघाला. जळक्या वार्निशचा तो वास रुद्राणीला त्या दिवशी ऊदबत्तीसारखा वाटला.

कारण काय चुकलं ते तिला पहिल्याच रविवारी कळलं होतं. बोअरची मोटर खाली सोडायच्या आधी तिच्या पोटात चांगलं पाणी भरतात. तेच तिला गार ठेवतं. जिला पाण्यातच नांदायचंय तिच्यापासून पाणी किती दिवस लपवणार? पण हे सांगितलं असतं तर पाणबुडी चालली असती, आणि खुर्चीवरून पुन्हा विरूचाच डंका वाजला असता. तिनं तोंडाला कुलूप घातलं.

तिसऱ्या रविवारी विरू नवी मोटर न आणता जुन्या दोन्हीच पिशवीत घेऊन आला. "नांदेडात गुंडप्पा म्हणून मिस्त्री हाय. मोटर तोच निवडून देतो म्हणला."

"त्यालाच दाव," अप्पा म्हणाले. "जाणता दिसतो गडी."

रुद्राणीच्या अंगाचा तिळपापड झाला. विरूचं कौतुक तिनं गिळलं होतं. पण घरात वाइंडर बसलेली असताना मोटर विचारायला नांदेड?

"आण हिकडं तुझ्या मोटरी."

कार्बनवाली तिनं बाजूला लोटली. "ही पाण्यात चार दिवसांत झिजंल." मग ड्रोनची बुटकी मोटर उचलली. "ही."

"ती तर जळली की, अक्का."

"तार जळली. मोटर न्हाई. हिला वेढे कमी, म्हणून उधळती. हवेत चालतंय ते. पाणी जड असतंय, बाबा."

जुनी जाड तार काढून तिनं बारीक तार दुप्पट वेढ्यांनी भरली. वार्निशचे तीन हात दिले. बाहेर निघणाऱ्या तीन तारा दोऱ्यानं बांधल्या.

"अन् सील?"

"न्हाई. ग्रीस न्हाई, नळी न्हाई. बॅटरी तेवढी कोरडी ठेव. हिला पिऊ दे पाणी."

पुढच्या रविवारी पाणबुडी हौदात सोडली. ती मासोळीसारखी खाली गेली, भिंतीपाशी वळली, हळूच वर आली. शेजारचा टायरवाला भागवत टाळ्या पिटत म्हणाला, "अप्पा, पोरानं नाव काढलं बगा."

"रक्तातच हाय त्याच्या," अप्पा म्हणाले.

विरू हसला. रिमोट हातात, नजर पाण्यात. रुद्राणी दारात पाना घेऊन उभी होती. एक तार कच्ची सोडली असती तर, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"आण रं, हात लावू दे," अप्पा म्हणाले.

विरूनं निथळती पाणबुडी त्यांच्या मांडीवर ठेवली. अप्पांची बोटं पाइपावरून मागं गेली, पंख्यापाशी, उघड्या मोटरीपाशी, दोऱ्यावर थांबली. अप्पा डावखुरे. त्यांची गाठ उलटी पडते, आणि ती त्यांनी एकीलाच शिकवली होती. तिचा हात उजवा, तरी गाठ डावीच पडते.

"ही कुणी बांधली?"

विरू घुटमळला. "अक्कानं. मोटर तिनंच भरली, अप्पा."

"तरीच. तुला सोळाव्या वर्षापस्तोर बुटाची नाडी येत नव्हती." अप्पांनी गाठ अंगठ्यानं पुन्हा चाचपली. दाराकडं तोंड न वळवताच म्हणाले, "घट्ट हाय."

एवढंच. पण भागवतनं ऐकलं. विरूनंही ऐकलं, हे त्याहून बरं झालं.

जाताना विरू दुकानात आला. "अक्का, नांदेडच्या स्पर्धेला जोडीला अजून एक मोटर लागती. आजच भरून देतीस?"

रुद्राणीनं भिंतीकडच्या पंपांकडं बोट केलं. "तीन पंप आधीचे हायत. नंबर लाव."