एप्रिल महिन्याचा नंदी

हे मी अजून कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. मठात डोळे मिटून बसते तेव्हासुद्धा हे मनात आलं की मी पटकन दुसरंच काहीतरी मागून घेते — पाऊस, घरच्यांची तब्येत, असलं. तुम्हाला सांगतेय ते एवढ्यासाठी, की तुम्ही भालकीला येऊन आमच्या मामांना गाठाल असं वाटत नाही. मामा म्हणजे माझे सासरे. मी जे केलं ते त्यांच्याच बाबतीत केलं.

पण आधी टोपीचं सांगू द्या.

मी ज्या शाळेत शिकवत होते तिथला मराठीचा वर्ग मुलांअभावी बंद झाला आणि मी घरी बसले. नवरा — शिवराज — बियाण्याच्या दुकानात, मुलगी शिकायला पुण्यात. घरात मी आणि मामा. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करू करू म्हणत राहिलेलं. दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. ते रेडिओ ऐकायचे आणि मी त्यांना रेडिओ ऐकताना बघायचे. किती दिवस बघणार? मग जानेवारीत मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं — लहानपणी हातानं जे जे करत होते ते सगळं पुन्हा सुरू करणार. दर महिन्याला एक वस्तू. वर्षाच्या बारा वस्तू. सगळ्यांनी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं. गुलबर्ग्याच्या माझ्या नणंदेनं — कलावती वन्संनी, त्या कॉलेजात शिकवतात — लिहिलं, "बघू या किती महिने टिकतंय." त्या 'बघू या'नं मी पेटले. नाहीतर फेब्रुवारीतच सोडलं असतं.

जानेवारीची टोपी विणली शिवराजसाठी. ती नारळाला बसली. फेब्रुवारीत बीदरच्या किल्ल्याचं चित्र काढलं, रंग वगैरे देऊन. शिवराज दुकानातून आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "कुकर छान काढलीस." मार्चमध्ये जुन्या साडीची पिशवी शिवली आणि ती — खरंच सांगते — चांगली झाली. इतकी, की वन्संनी एक मागून घेतली. तिथंच घात झाला. माणूस अपयशानं बिघडत नाही हो, एखादी पिशवी बरी झाली की बिघडतो.

एप्रिलच्या शेवटी बसव जयंती होती. मी ग्रुपवर लिहिलं — या महिन्यात मातीचा नंदी, हातभर उंच, जयंतीला बसवण्णांच्या फोटोपुढं ठेवणार. एवढ्यावर थांबायचं ना? नाही थांबले. आमच्याकडं ज्येष्ठातल्या अमावास्येला घरोघर मातीचे बैल करून पुजतात. माझं माहेर कोहिनूर गावचं. तिथं लहानपणी मी केलेला बैल बघून गोठ्यातली खरी गाय हंबरली होती, असंही मी लिहून टाकलं. गाय हंबरली होती हे खरं आहे. तिला वैरण हवी होती.

वन्संचं उत्तर आलं — जयंतीच्या दिवशी येते, कॉलेजातल्या दोघी मैत्रिणींनाही आणते, नंदी बघायला.

आता त्या नंदीचं काय सांगू? तळ्यातली काळी माती आणली, कापूस घालून मळली. समोरच्या खोलीत स्टुलावर मांडला. पाय उभे राहीनात, म्हणून त्याला बसवला. बसवल्यावर पोट पसरलं. मान जड झाली म्हणून आखूड केली, ती इतकी आखूड झाली की डोकं थेट पाठीवरच आलं. शिंगं लावली की गळायची. शेवटी बारीक लावली, तर ती कानांसारखी दिसायला लागली, आणि कान लावले तर चार कान. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला होता आणि कुणी विचारलं तर "जयंतीलाच बघा" म्हणायचे. मामा रोज विचारायचे, "कुठवर आलं गं, पोरी?" मी म्हणायचे, डोळे करायलेय. दहा-बारा दिवस मी डोळेच करत होते.

जयंतीच्या सकाळी फडकं काढलं. माती वाळून मानेशी भेग पडली होती. ते जनावर माझ्याकडं बघत होतं. नंदी नव्हता तो. डुक्करही नव्हतं. गुलबर्ग्याहून तीन शिकलेल्या बायका हे बघायला बसमध्ये बसल्या होत्या!

मी इकडं तिकडं पाहिलं आणि त्याला बोटानं ढकललं. हलला नाही. माझ्या हातून एवढी भक्कम वस्तू त्याआधी कधी झाली नव्हती. मग दोन्ही हात लावले.

धाडकन आवाज झाला. डोकं घरंगळत उंबऱ्यापाशी गेलं आणि मी वळून बघते तर — मामा. आतल्या खोलीतून नुकतेच आलेले, काठी पुढं करून चाचपत. काठीचं टोक स्टुलाच्या पायाला टेकलेलं.

"काय पडलं गं, सुवर्णा?"

मी दोन्ही हात पदराला पुसले.

"नंदी पडला काय? माझी काठी लागली काय त्याला?"

इथं, बघा. ह्याच जागी. 'नाही मामा, मीच पाडला' — किती वेळ लागतो एवढं म्हणायला? ते हसले असते. मामा फार छान हसतात, खांदे हलवून. आणि मी काय म्हणाले?

"जाऊ द्या मामा. होतंय कधी कधी."

मी इतकी वर्षं व्याकरण शिकवलंय. हे वाक्य मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलंय. त्यातला एकही शब्द खोटा नाही. होतंय कधी कधी — होतंच की! पण मामांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी काठी हळूच मागं घेतली, एखाद्या खोडकर पोराला आवरावं तशी, आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले.

वन्सं आल्या तेव्हा दार मामांनीच उघडलं. चप्पल काढायच्या आधीच त्यांना सांगितलं, "कला, मी फोडलो गं नंदी. महिनाभर खपली पोर आणि मी आंधळा मेला काठी घालून फोडलो." मला रडू फुटलं. भीतीचं होतं ते. पण त्या तिघींना ते दुःखाचं वाटलं. वन्संनी — ज्या वन्संनी 'बघू या' लिहिलं होतं त्यांनी — मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी काय करणार? अजून थोडी रडले.

जेवताना एका मैत्रिणीनं मामांना विचारलं, कसा होता हो नंदी? मामांनी तो कधी पाहिलाच नव्हता. पण ज्याची वस्तू आपण मोडली ती वस्तू बरी होती असं म्हणणं त्यांना कर्तव्य वाटलं असणार. पुरणपोळीचा घास हातात तसाच धरून म्हणाले, "काय सांगू बाई! आता उठतंय का मग उठतंय, असा बसला होता."

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. दूधवाल्याला सांगितलं, शेजारच्या मल्लप्पाअण्णांना सांगितलं, खटकचिंचोळीहून बियाणं न्यायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं. दर वेळी नंदी थोडा वाढायचा. आधी शिंगं आली, मग गळ्यात घुंगरांची माळ, मग पाठीवर झूल — झुलीवर नक्षी! ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, जसं कुणी गेल्यावर टाकतात. मे महिन्यात मी काहीच केलं नाही, जूनमध्येही नाही. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. तिचं मनच उडालं म्हणाले. आणि मी सुटले. खरं सांगू? मला बरं वाटलं. पिशवीला मिळाली नव्हती एवढी वाहवा मला न झालेल्या नंदीनं मिळवून दिली.

मग माझ्या लक्षात आलं की मामा समोरच्या खोलीत येईनासे झालेत.

आधी वाटलं, ऊन आहे म्हणून. पण ते मागच्या दारानं वळसा घालून बाहेरच्या कट्ट्यावर जायचे. चहा तिथंच मागायचे. घरात चाललेच तर काठी काखेत धरून, भिंतीला हात लावत, एकेक पाऊल. एकदा पडता पडता वाचले. शिवराज ओरडले, "अप्पा, काठी कामून टेकत न्हाईत तुम्ही?" मामा म्हणाले, "अजून कायतरी फुटंल रे." मी स्वयंपाकघरात होते. पोळी तव्यावर जळेपर्यंत तिथंच उभी राहिले. बाहेर जाऊन सांगितलं का? नाही. शिवराजना एवढंच म्हणाले, आता डोळ्यांचं ऑपरेशन लांबवू नका.

पावसाळ्यात गुलबर्ग्याला वन्संच्या घरी राहून दोन्ही डोळे झाले. परत आल्यावर मामा घरभर फिरले, किल्ल्याच्या चित्रापुढं थांबले, "कुकर का गं हे?" म्हणाले. आणि मग — "त्या नंदीचा फोटो दाखव, पोरी."

"काढायचाच होता, मामा. तेवढ्यात —"

वाक्य मी मुद्दाम अर्धं सोडलं. त्यांनी मान खाली घातली. हा दुसरा खोटेपणा की पहिलाच, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा तळ्यावर गेले आणि घमेलंभर माती घेऊन आले. म्हणाले, तू दर महिन्याला एक करणार होतीस, माझ्यामुळं राहिलं. आता मी करतो. ऐंशीला टेकलेला माणूस. जन्मात शेती आणि अडतीशिवाय काही केलेलं नाही. दर महिन्याला एक बैल. पहिला माझ्याच नंदीच्या वळणावर गेला, मला त्याच्याकडं बघवेना. पण मामांनी तो फोडला नाही. खिडकीत ठेवला, आल्यागेल्याला दाखवला, हसले आणि दुसरा केला. दसऱ्यापर्यंत पाय उभे राहिले. संक्रांतीला तर मान अशी वळली होती की मल्लप्पाअण्णा बघतच राहिले. मामा मात्र एकेका बैलाकडं नव्या डोळ्यांनी निरखून बघायचे आणि म्हणायचे, "तुझ्यासारखा न्हाई झाला."

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी सांगितलं असेल. ऐका तर. फाल्गुनात जयंतीसाठी मोठा नंदी करायला घेतला तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "तुझ्याचे कान कसे होते, सांग. तसेच करतो."

मी सांगितले! हातानं हवेत काढून दाखवले. पिंपळाच्या पानासारखे, म्हणाले, जरा खाली कललेले. त्यांनी केले. मी म्हणाले, डावा थोडा जाड झालाय, मामा. त्यांनी तो काढला, पुन्हा केला. झूल सांगितली, झुलीवरची नक्षी सांगितली. नक्षी त्यांचीच होती, त्यांनीच लोकांना सांगितलेली. मी ती फक्त त्यांना परत सांगितली. ते मान डोलावत होते, व्हय, व्हय, अशीच असणार. त्या दुपारी मला फार छान वाटत होतं. शिकवायला मिळालं ना बऱ्याच दिवसांनी. भ्याले म्हणून गप्प बसले, हे एक वेळ समजता येईल. पण त्या दुपारी मी भ्यालेली नव्हते.

जयंतीला तो नंदी गल्लीच्या मिरवणुकीत फुलांच्या गाडीवर बसला. मल्लप्पाअण्णांनी माईकवर आधी कन्नडात आणि मग मराठीत सांगितलं की सुवर्णाअक्कांच्या मूळ नंदीवरून त्यांच्या सासऱ्यांनी हा घडवलाय. शाल आणली होती. मामांना घालायला गेले तर मामांनी दोन्ही हातांनी नको नको केलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. तिची कला हाय, म्हणाले.

शाल मी घेतली. लोक टाळ्या वाजवत होते, वन्सं मोबाईलवर फोटो काढत होत्या. मी मामांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं, ते ऑपरेशन झालेले स्वच्छ डोळे माझ्या डोळ्यांत घातले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं —

"आता तरी माफ केलीस न्हवं मला?"

मी म्हणाले, "केलं, मामा."