स्टेशनच्या नळावरचं कुंकू

अंबरनाथ स्टेशनच्या नळाशी रोज सकाळी मी सवाष्ण व्हायची आणि संध्याकाळी तिथंच ओल्या पदरानं कपाळ पुसून परत विधवा. ही अक्कल माझ्या सासूची. माझा नवरा तापानं गेला हे आमच्या बदलापूरकडच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण काडेपेटीच्या कारखान्यात कोण ओळखतंय? "कोरं कपाळ घेऊन गेलीस तर बाप्ये जगू देणार नाहीत नि बाया शेजारी बसू देणार नाहीत," सासू म्हणाली आणि स्वतःच्या हातानं काळे मणी ओवून दिले.

चार वर्षं मी ते सोंग केलं. पेट्यांत काड्या भरता भरता बाया नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या, मग मीही सांगायची. माझा म्हणे मुंबईला गिरणीत, शनिवारी येतो, आमटी पाणचट झाली की ताट ढकलतो. मेलेल्या माणसाला मी आमटीवरून शिव्या घातल्या! चीड यायची. त्यांची नव्हे, माझीच.

बाकावर माझ्या शेजारी बुवापाड्यातली एक पोर बसायची. डब्यातलं अर्धं मला द्यायची. तिचं दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्या खेपेला सातवा लागला तेव्हा बायांनी जेवणाच्या सुट्टीत तिथंच तिची ओटी भरायचं ठरवलं. खण, नारळ, तांदूळ सगळं आलं. ती मला म्हणाली, "पहिली ओटी तूच भर गं. तुझा हात लागला की माझं टिकेल."

विधवेनं ओटी भरायची नसते. मी हे मानत होते का? मानत होते, खोटं कशाला बोलू! तांदूळ ओंजळीत घेतले आणि तिच्या पदरापाशीच थांबले. गप्प बसले असते तर बाक, मैत्रीण, सगळं राहिलं असतं. पण हिचं काही बरंवाईट झालं तर? मी तांदूळ परत ताटात टाकले नि म्हणाले, "माझा नवरा पाच वर्षांमागं वारला. माझा हात नको तुला."

"सटवे! चार वर्षं आमच्यात सवाष्ण म्हणून मिरवलीस?" मुकादमीण ओरडली. मग एकेकीला आठवायला लागलं. मी हिच्या पोराला काजळ लावलं होतं, तिला संक्रांतीला कुंकू लावलं होतं. जिच्या तिच्या घरातलं दुखणं माझ्या माथी! ती पोर एवढंच बोलली, "ते तांदूळ बाहेर टाका."

दुसऱ्या दिवशी मी कोऱ्या कपाळानं कामावर गेले. मुकादमिणीनं मला पेट्यांच्या कागदाला खळ लावायच्या कामाला टाकलं, एकटीला, भिंतीकडं तोंड करून. नोकरी मी सोडली नाही. का सोडू? त्यांच्या बापाचा कारखाना होता? खोट्या नवऱ्याला रोज आमटी वाढायची कटकट मात्र संपली.

तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. कामावर परत आली तेव्हा साखर वाटत फिरली. माझ्यापाशी पोचली, वाटी पदराखाली झाकली आणि वळली. माझं डोकंच फिरलं.

"अगं, मी बोलले ते तुझ्यासाठीच ना!"

"हो ना," ती म्हणाली. "तूच सांगितलंस, तुझा हात नको म्हणून."

मी परत भिंतीकडं तोंड केलं नि खळ लावायला लागले. तिच्यावरचा माझा राग आजही काही जात नाही.