लिंबू-चमच्याला माझा ठाम नकार

आमच्या घरात व्यायामाला कोणाचाच विरोध नव्हता. फक्त तो कोणी करत नव्हतं.

हे सांगलीला एका कचेरीत कारकून. बसून बसून यांच्या पाठीला खुर्चीचा आकार आला होता. मी घरकाम करायची आणि त्यालाच व्यायाम म्हणायची. विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत सगळं सुखाने चाललं होतं. त्यात बिब्बा घातला शिंदेसाहेबांनी.

शिंदेसाहेब म्हणजे आमच्या वसाहतीच्या मंडळाचे सेक्रेटरी. प्रजासत्ताक दिनाला होणाऱ्या खेळांची माहिती द्यायला ते एका संध्याकाळी घरी आले. पुरुषांसाठी कबड्डी, रस्सीखेच, पळण्याची शर्यत.

"आणि बायकांसाठी?" चहाचा कप पुढे करत मी विचारलं.

"लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि सुईत दोरा ओवणे!" ते कौतुकाने म्हणाले.

"दोरा मी रोज ओवते. यांची बटणं तुटतात. त्याला खेळ म्हणतात हे आजच कळलं! खो-खो ठेवा."

"वहिनी, झेपेल का बायकांना? पडलं-बिडलं कोणी..."

"पडलं तर उठेल! मी कराडला शाळेच्या संघात होते."

(होतेच. राखीव होते, पण संघात होते. सगळा तपशील शिंदेसाहेबांना सांगायची गरज नव्हती.)

यांना ठसका लागला. शिंदेसाहेब "बघू" म्हणून गेले आणि वसाहतीच्या दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांनी मला येता-जाता असं उचलून धरलं, की त्यांना खो-खो ठेवावाच लागला. आता मागे फिरायची सोय नव्हती.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तेव्हा ऊसतोडीसाठी गावी गेल्या होत्या. माझं निम्मं धैर्य त्यामुळेच होतं. पण धाकटे दीर संपतभावजी फौजेतून सुट्टीवर आले होते. बातमी ऐकून ते म्हणाले, "वैनी, एकदम मैदानात उतरू नका. आजपास्नं रोज जरा पळा. अंग सैल करा. थंडीत आखडलेल्या अंगानं पळालं की पाय दगा देतोय."

"भावजी, माझं अंग चुलीपुढे दिवसभर गरमच असतं!"

"आन् पायाला बसतील असं बूट घ्या."

"ह्यांचे आहेत की!"

त्यांनी माझा नाद सोडला आणि यांना धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून "एक! दो! एक! दो!" असा गजर सुरू झाला. थोड्याच वेळात तो थांबला आणि यांचा आवाज आला, "संपत... मी खाली वाकलोय... आता वर कसा येऊ?"

बाहेर जाऊन बघते तर हे अंगठे धरून उभे! आम्ही दोघांनी यांना तसंच, त्याच आकारात, उचलून पलंगावर आडवं केलं. भावजी खजील झाले. "मी आपला जवानांच्या हिशोबानं व्यायाम घेतला. दादांचं थोडं थोडं वाढवायला पायजे व्हतं."

"बघा!" मी म्हटलं. "व्यायामाने माणूस असा होतो!" या प्रसंगातून मी एवढाच बोध घेतला.

खेळाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. आत्याबाईंच्या पेटीतलं ठेवणीतलं इरकली लुगडं काढून मी कासोटा घातला. (न विचारता. विचारायला त्या होत्या कुठे?) पायांत यांचे कॅनव्हासचे बूट, त्यांच्या पुढच्या टोकांत वर्तमानपत्राचे बोळे. बाकीच्या बायका मैदानाच्या कडेने हळूहळू पळत होत्या, पाय ताणत होत्या. संपतभावजी त्यांना शिकवत होते. मी मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिले. अनुभवी खेळाडू असेच उभे राहतात.

शिट्टी झाली आणि मी पळाले. काय पळाले! पहिली हुलकावणी मी शिंदेसाहेबांच्या सौभाग्यवतींना दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनी घात केला. मी खांबाला झोकात वळसा घातला. मी वळले, माझा पाय वळला, पण यांचा बूट काही वळला नाही! घोट्यात कट्कन आवाज झाला आणि इरकली लुगड्यासकट मी मुरुमावर पालथी.

"लागलं का हो?" चहूबाजूंनी आवाज.

"छे! बुटाची नाडी बांधतेय," मी आडव्या अवस्थेत म्हटलं आणि उठून पुन्हा पळायला लागले. दुसऱ्या पावलाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसरं पाऊल पडलंच नाही.

भावजींनी मला घरी आणलं. "पाय उशीवर घ्या, गार पाण्याची घडी ठेवा आन् हलू नका."

"भावजी, काही झालेलं नाही!" असं म्हणून मी स्वयंपाकाला उभी राहिले. एका पायावर! अजून पलंगावरच असलेल्या यांनी उपाय सुचवला, "शेक दे." मी कढत पाण्याने शेकलं. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, "शीर आखडलीय," आणि त्यांनी तेल लावून तो पाय कणीक मळावी तसा मळला. मी दात-ओठ आवळून "आता बरं वाटतंय" म्हटलं. दुपारपर्यंत घोटा पपईएवढा झाला होता.

आणि दारात आत्याबाई! डोक्यावर उसाची मोळी.

मी लगबगीने पाय पदराखाली घेतला. पण त्यांची नजर म्हणजे नजरच.

"पायाला काय झालं?"

"मुंगी चावली."

"मुंगी व्हती का म्हैस?"

तेवढ्यात त्यांना दोरीवर वाळत घातलेलं लुगडं दिसलं. मुरुमाचे डाग काही गेले नव्हते. त्या लुगड्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग पलंगावर वाकड्या पडलेल्या आपल्या लेकाकडे. "माझ्या माघारी घरात काय लढाई झाली का काय?"

उत्तराची वाट न बघता त्या मला रिक्षात घालून मिरजेला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, घोटा जबर मुरगळला होता.

"खेळण्याआधी अंग गरम केलं होतं?"

"चहा घेतला होता."

"बूट?"

"ह्यांचे."

"पडल्यावर थांबलात ना?"

"नाही. उठून पळाले."

"आणि नंतर?"

"शेकलं. मग मालिश केली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "बाई, जे जे करू नये ते सगळं केलंत की! ताजी सूज शेकायची नाही, चोळायची तर मुळीच नाही. बँडेज बांधा, पाय उंच ठेवा, विश्रांती घ्या. दुखणं ओसरलं की घोटा हळूहळू फिरवायला लागा. पूर्ण बळ आल्याशिवाय पळायचं नाही."

"म्हणजे पुन्हा पळता येईल?" मी विचारलं. आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आता माझी काही धडगत नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिंदेसाहेब मोसंबी घेऊन आले. चेहऱ्यावर दुःख, पण मिशीत आनंद. "म्हणून मी म्हणत होतो, वहिनी. मंडळाने ठरवलंय, पुढच्या वर्षी बायकांचा खो-खो बंद. आपला लिंबू-चमचाच बरा."

मी काही बोलणार एवढ्यात आतून आत्याबाई आल्या.

"आवं सायेब, रस्सीखेचीत तुमचं गडी एकमेकांच्या उरावर पडलं म्हनं? एकाचा खांदा निखळला?"

"हो, जरासा..."

"मग ती बी बंद केली व्हय?"

"नाही, ते वेगळं..."

"का? गड्यांची हाडं सरकारी हायेत? ही पडली ती बाई हाय म्हणून न्हाई, कुणाचं ऐकलं न्हाई म्हणून पडली. दुसऱ्या कुणा बाईला खरचटलं तरी का? लुगड्याचं मी हिच्याकडं बघून घेईन, त्येची काळजी तुमी करू नगा. खो-खो व्हनार! आन् मी बी येनार."

"तुम्ही? खेळायला?"

"मग काय मोसंबी सोलायला?"

शिंदेसाहेब चहा न घेताच गेले.

पाय बरा झाला. यांची पाठही सरळ झाली. मग रोज संध्याकाळी मैदानावर आम्हा बायकांची तालीम सुरू झाली. भावजी पलटणीत परत गेले होते, त्यामुळे हुकूम आत्याबाईंचा. आधी चालायचं, मग दुडक्या चालीने पळायचं, घोटे फिरवायचे, टाचा उचलायच्या, आणि कुणाला दुखलं की लगेच बसायचं. "दुखतंय आन् दडवतीय, तिला मी काठीनं हाणीन," असा नियम होता. तो बोलताना त्यांचं तोंड माझ्याकडे असायचं. माझ्या मापाचे बूट आणले. मंडळाच्या पुरुषांनी कुंपणावर बसून हसून घेतलं. आम्ही पाय ताणत त्यांच्याकडे बघून घेतलं.

पुढच्या प्रजासत्ताक दिनी बायकांचा खो-खो झाला आणि मैदानाभोवती उभं राहायला जागा उरली नाही. आत्याबाई खांबाजवळ बसल्या होत्या आणि त्यांनी "खो" दिला की समोरची दचकूनच उठायची. मी सकाळपासून तयारीत होते. शिकवलं होतं ते सगळं केलं, वर मैदानाला आणखी फेऱ्या मारल्या, पुन्हा सगळे सांधे फिरवले. यंदा कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नव्हती! शिट्टी झाली तेव्हा माझं अंग इतकं गरम आणि इतकं सैल झालं होतं, की त्यात पळायला दम म्हणून शिल्लकच नव्हता. शिंदेसाहेबांच्या सौभाग्यवती नुसत्या चालत आल्या आणि मला हात लावून गेल्या.

शिंदेसाहेबांनी कर्ण्यावरून माझं नाव घेऊन सांगितलं, "सर्वांत आधी बाद!" खुशाल सांगू देत. मी मान ताठ ठेवून, माझ्या मापाच्या बुटांत, कुणाचाही आधार न घेता मैदानाबाहेर आले, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी त्या दिवशी तिथे असलेल्या कोणालाही विचारावं: इतकी ठणठणीत बाद झालेली बाई विश्रामबागेत त्याआधी कोणी पाहिली नव्हती!