मोजमापापुरती किल्ली

आमच्या वसाहतीच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत आणि तिथल्या प्रत्येक दाराला ओढलं की आपोआप बंद होणारं कुलूप आहे. पूर्वी तिथे आमची बैठी घरं होती. कारखाना चालू होता तेव्हा कामगारांसाठी बांधलेली, दोन-दोन खोल्यांची, पातळ भिंतींची. नळ दारात, संडास गल्लीच्या टोकाला, आणि सगळ्यांच्या किल्ल्या मावशीकडे.

मावशी सख्खी कुणाचीच नव्हती, पण सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. तिच्या दाराआड भिंतीला एक फळी होती आणि फळीला खिळे. सकाळी कामावर जाताना जो तो कुलूप लावायचा आणि किल्ली तिच्या हातावर टेकवून पुढे सटकायचा. खिळ्यांवर नाव नाही की नंबर नाही. कुठली कुणाची ते तिला पाठ. पोरं शाळेतून लवकर सुटली, मीटर बघणारा आला, गावाहून पाहुणा टपकला, की मावशीला हाक. मी एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. एकदा मी कामावर असताना माझे दीर न कळवता आले, तर मी येईपर्यंत तिने त्यांना स्वतःच्या दारात बसवून ठेवलं. चहा दिला, किल्ली दिली नाही. वर मलाच ऐकवलं, की असेल तुझा दीर, पण मी कुठे त्याला कधी पाहिलंय? दीर अजूनही आमच्याकडे यायचं झालं तर आधी चार फोन करतात.

तोंडाने फटकळ, पण आमच्या सगळ्यांच्या घरात तिचं जाणं-येणं, आणि कुणाकडे काय पाहिलं ते कधी बाहेर पडलं नाही. आमच्या गल्लीत हे म्हणजे नवलच होतं. बाकी आम्हा कुणाच्याच पोटात फारसं काही राहत नसे.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र हाल होते. काकांचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, गुडघे पार गेलेले. संडासला जायचं म्हणजे भिंतीला धरत धरत गल्ली पार करायची, पुन्हा रांगेत उभं राहायचं. मुलगा आणि सून आतल्या खोलीत, हे दोघं बाहेरच्या. पुढे सुनेला दिवसही गेले. मावशी कधी कुरकुरली नाही, पण काका भिंत धरून निघाले की ती हातातलं काम टाकून दारात उभी राहायची आणि ते परत येईपर्यंत तिथून हलायची नाही. ते मी रोज पाहायचे आणि मला फार वाईट वाटायचं.

तिची एकच जिवाभावाची मैत्रीण, कोपऱ्यावरच्या घरातल्या टेलरबाई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. टेलरबाईंचा नवरा लवकर गेला आणि त्यांनी पायमशीन घेतलं. घराची खिडकी थेट रस्त्यावर, त्यामुळे जाणारा-येणारा खिडकीतूनच कपडा आत सरकवायचा. शाळेचे गणवेश, पडदे, उसवलेल्या चेनी, काहीही. दिवसातून एकदा भांडल्याशिवाय या दोघींना चैन पडायचं नाही. मावशी म्हणायची, तुझ्या मशीनच्या खडखडाटाने माझं डोकं उठतं. आणि मशीन थांबलं, की पहिली धावत हीच जायची, काय झालं म्हणून.

मग बांधकाम कंपनी आली. सगळी घरं पाडायची, इमारती बांधायच्या, प्रत्येकाला आत संडास असलेलं घर द्यायचं. तोवर दुसरीकडे तात्पुरती सोय. आम्ही हरखून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? कंपनीची अट एकच, की गल्लीतलं एकूण एक घर रिकामं होऊन ताब्यात आल्याशिवाय काम सुरू होणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या, टेलरबाईंनी केली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. मला तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड असलेलं घर द्या, मी आत्ता सही करते. वरच्या मजल्यावर चेन बसवून घ्यायला कोण चढणार? कंपनी म्हणाली, तळमजल्यावर दुकानं येणार, ती विकायची आहेत. घोडं तिथे अडलं.

सुरुवातीला सगळे त्यांच्या बाजूने होते. महिने जात राहिले तशी भाषा बदलली. आमच्या समितीचे अध्यक्ष, कारखान्यातले जुने फोरमन, मोठ्याने बोलायला लागले, की एका बाईच्या खिडकीपायी सगळ्यांच्या संसाराची वाट लागणार. बायका खिडकीतून कपडे देईनाशा झाल्या. मावशी मात्र रोज जायची, भांडायची, चहा पिऊन यायची.

अशात टेलरबाईंची बहीण आजारी पडली, दुसऱ्या शहरात. तिला बघणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या निघाल्या आणि निघताना किल्ली मावशीकडे दिली. शिवून झालेले कपडे फळीवर घड्या घालून ठेवलेत, ज्याचे त्याला दे, एवढंच सांगून गेल्या.

आमच्या आणि मावशीच्या घरात एकच भिंत, आणि ती काय भिंत म्हणायची? पलीकडे कुणी पाणी प्यायलं तरी ऐकू यायचं. एका संध्याकाळी तिचा मुलगा तिला विचारत होता, "कोपऱ्यावरच्या घराची किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" मावशी म्हणाली, आहे की. मी भाजी चिरत होते, माझा हात थांबला. पण पुढे काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर कंपनीचा माणूस आला. हा फार गोड बोलायचा. मावशी, तुमच्या हातच्या चहासाठी येतो बघा, असं म्हणत बसायचा. त्या दिवशी म्हणाला, सगळ्या घरांचं मोजमाप झालंय, कोपऱ्यावरचं तेवढं राहिलंय. अर्ध्या तासाचं काम, किल्ली लगेच आणून देतो. माझी सुट्टी होती, मी दारात केस विंचरत उभी होते. मला वाटलं, आता ही त्याला विचारणार, कोण, कुठला, कशाला. माझ्या दिरांना दारात बसवणारी बाई ही. ती उठली, दाराआड गेली, खिळ्यावरून किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली. त्याच्या सोबत गेलीही नाही. तिथेच बसून तांदूळ निवडायला लागली.

तो किल्ली घेऊन परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरबाईंच्या घरावर माणसं चढली आणि छपराचे पत्रे उतरवायला लागली. मशीन, कपाट, भांडी, शिवलेल्या कपड्यांच्या घड्या, सगळं नीट बांधून गाडीत भरलं. कुठे ओरखडा येऊ दिला नाही. आम्ही सगळे दारांत उभे राहून पाहत होतो. मावशी धावत गेली, किल्ली नेलेल्या त्या माणसाचा हात धरला, मोजमाप म्हणाला होतास ना, असं विचारत राहिली. तो तसाच गोड हसला. म्हणाला, मावशी, किल्ली दिली म्हणजे घर दिलं, असाच नियम असतो.

त्याने सांगितलं त्यात थोडं तथ्य होतं, हे नंतर कळलं. घरातल्या माणसाने किल्ली सुपूर्द केली, किंवा त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या कुणी केली, तर ताबा दिला असं धरतात. मग तळमजला मागायचा हक्क संपतो, मिळेल ते घर घ्यायचं.

टेलरबाई आल्या त्या दिवशी ऊन कडक होतं. त्या आपल्याच घरात मधोमध उभ्या राहून वर आभाळाकडे बघत होत्या. मग माझ्याकडे आल्या, पाणी मागितलं आणि विचारलं, काही दिवस राहू का? माझ्या बाहेरच्या खोलीत त्यांनी पथारी टाकली. मावशीने भिंतीपलीकडून हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. मावशी रोज माझ्या हाती चहा पाठवायची. टेलरबाई तो प्यायच्या, कप विसळायच्या आणि माझ्याच हाती परत द्यायच्या. मला त्या दोघींच्या मध्ये जगणं नकोसं झालं होतं.

त्यांनी सरकारी कचेरीत तक्रार केली आणि सुनावणी लागली. प्रश्न एकच होता, आणि उत्तर एकाच माणसाकडे होतं. किल्ली टेलरबाईंच्या सांगण्यावरून दिली का? मावशी 'हो' म्हणाली, तर काम सुरू. 'नाही' म्हणाली, तर घर परत बाईंच्या ताब्यात, पत्रे परत छपरावर, आणि सगळ्यांच्या घरांना पुन्हा खीळ. किती वर्षांची, ते देव जाणे.

मग काय विचारता! मावशीचे जे लाड सुरू झाले, तसे तिच्या जन्मात कुणी केले नसतील. सून स्वतः अवघडलेली असून सासूचे पाय चेपायला बसली. अध्यक्ष येऊन काकांच्या गुडघ्यांना तेल देऊन गेले. कुणी धमकावलं नाही, दम दिला नाही. जो येई तो निघताना हळूच म्हणे, मावशी, एकदा 'हो' म्हणायचं, बस. मुलगा तर एके दिवशी तिच्यासमोर रडला. म्हणाला, माझं पोर या भिंतींत जन्माला घालू का? भिंतीच्या अलीकडे मी होते आणि टेलरबाईही होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि माझ्या ब्लाउजची उसवलेली शिवण घालत राहिल्या.

मलाही घर हवं होतं. आणि टेलरबाईंचं घर बुडू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, तेव्हा माणसाला झोप लागत नाही, एवढंच मी सांगू शकते.

सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवरच्या पंख्याची घरघर. निम्मी गल्ली लोटली होती. काका जिने चढू शकत नव्हते, ते खाली गाडीत बसले. अधिकारी बाई चष्मा लावलेल्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी मावशीला समोर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "किल्ली तुम्ही मालकिणीच्या सांगण्यावरून दिलीत का?"

मावशीने पाण्याचा ग्लास पुढे ओढला. अधिकारी बाईंनी पुन्हा विचारलं. म्हणाल्या, घाबरू नका, जे झालं तेच सांगा. मावशीने मागे वळून पाहिलं. मुलगा तिच्याकडे बघत होता, सून पोटावर हात ठेवून बसली होती. टेलरबाईंकडे तिने बघितलं नाही. पदराच्या टोकाने तोंड पुसलं आणि बोलायला म्हणून तोंड उघडलं.

तेवढ्यात टेलरबाई उठून उभ्या राहिल्या. "मीच सांगितलं होतं तिला," त्या म्हणाल्या. "फोन केला होता. किल्ली देऊन टाक म्हणून."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. मग तक्रार कशाला केलीत, असं त्यांनी विचारलं. टेलरबाई म्हणाल्या, उघडं घर बघून डोकं फिरलं होतं. अधिकारी बाईंनी त्यांना समजावून सांगितलं, की असं लिहून दिलंत तर पुन्हा काही मागता येणार नाही, चिठ्ठीत निघेल तो मजला घ्यावा लागेल. विचार करायला वेळ हवा का? टेलरबाईंनी नको म्हणून मान हलवली आणि जिथे बोट ठेवलं तिथे सही केली.

लोक उठले. अध्यक्ष मुलाच्या पाठीवर थाप मारत होते. कुणीतरी हसलंही. टेलरबाई कुणाकडे न बघता बाहेर पडल्या आणि मावशी त्यांच्या मागे. मी दोघींच्या पिशव्या घेऊन मागोमाग निघाले. जिन्याच्या वळणावर मावशीने त्यांना गाठलं आणि दंड धरला.

"फोन केलाच नव्हतास तू मला," ती म्हणाली. "खोटं का बोललीस?"

टेलरबाईंनी हात सोडवून घेतला नाही. किती तरी दिवसांनी त्यांनी मावशीकडे सरळ बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं वाटलं असतं.

"कारण तू 'हो' म्हणणार होतीस," त्या म्हणाल्या. "आणि ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

आता मावशी म्हणेल, नाही गं, मी 'नाही'च म्हणणार होते. मी त्याची वाट बघत उभी होते. टेलरबाईही थांबल्या होत्या, कठड्याला हात लावून, अगदी पुरेसा वेळ. मग खालून काकांनी हाक मारली, की गाडीवाला ओरडतोय, या लवकर. मावशीने दंड सोडला आणि एक एक पायरी उतरत काकांकडे गेली.