बर्फावर झटकलेला शर्ट

कतारात बर्फ पडत नाही, पण माझ्या हातून तो रोज निघतो. दोह्यातल्या एका मॉलमध्ये स्केटिंगचं मैदान आहे, तिथे मी बर्फ तासायची गाडी चालवतो. तासलेला चुरा मागच्या अंगाला टाकायचा, तो आपोआप वितळून जातो. गावी, रत्नागिरीकडे, हे सांगितलं की लोक मला फेकू समजतात. समजू देत.

एका शुक्रवारी दुपारी थर्माकोलच्या खोक्यात तो चुरा भरून मी इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या खोलीवर आणला. आम्ही सहा जण. नमाज, जेवणं आटोपून सगळे आडवे झालेले. खोकं उघडलं तसा एकेक जण उठून बसला. एसीची घरघर, पडद्यातून झिरपणारं पिवळं ऊन, आणि मधोमध ते पांढरंशुभ्र. एकाने मूठभर गालाला लावून डोळे मिटले. मला वाटलं, आपण सहाही जण कुठल्याशा उंच डोंगरावर आहोत आणि खाली कुणालाच आपला पत्ता नाही. फार बरं वाटलं.

शेजारच्या खाटेवरचा साताऱ्याकडचा पोरगा तेवढा आपल्याच नादात. लोखंडाच्या वर्कशॉपमध्ये तो लोखंड घासायचा ग्राइंडर चालवतो. महिन्यापूर्वी त्याला मुलगी झाली, अजून फोटोतच बघितलेली. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, वापरून मऊ झालेलं घालतात. बापाच्या शर्टाचं झबलं शिवायचं, असं त्याच्या आईने सांगून ठेवलं होतं. म्हणून कामावरचे दोन सुती शर्ट त्याने तीन-तीनदा धुतले होते. मी सुट्टीवर निघालो होतो, माझ्या बॅगेतून पाठवायचे होते. घडी घालण्याआधी त्याने एक शर्ट झटकला, तो नेमका खोक्यावर.

बर्फावर बारीक काळे ठिपके उमटले. मी भडकलोच. म्हटलं, बाबा रे, एवढा जपून आणला, त्यात धूळ कशाला पाडतोस? तो म्हणाला, वाळू असेल, एसीतून येते. वाळू म्हणे! आमच्या बर्फात स्केटच्या पात्यांचा कीस सापडतो, म्हणून माझ्या खिशात लोहचुंबक असतोच. माझाच बर्फ खराब नको निघायला, म्हणून आधी तळाचा कोरा बर्फ पांढऱ्या ताटलीत वितळवला. खालून चुंबक फिरवला, काही हललं नाही. मग ठिपक्यांचा बर्फ घेतला. पाणी झालं, चुंबक फिरवला, आणि ठिपके मुंग्यांसारखे त्याच्या मागोमाग चालू लागले.

"दुसरा झटक," मी म्हटलं, जरा जिंकल्याच्या थाटात. त्यातूनही तोच लोखंडाचा कीस पडला, तीन-तीनदा धुऊनही.

तेव्हा कुठे माझी मस्ती उतरली आणि माझी मलाच लाज वाटली. शर्ट मांडीवर घेऊन तो स्वतःच्या तळहातांकडे बघत बसला होता. रेषांमध्ये काळं कायमचं भरलेलं. पुढच्या महिन्यात तोही घरी जायचा होता.

"शर्टाचं सोडा, दादा," तो म्हणाला. "मला किती पाण्यांतून काढलं म्हणजे तिला उचलून घेता येईल?"