टर्बोवाल्या गाडीचं तेल आणि आमची जळजळ

ज्या साखर कारखान्यात ऊस येत नाही, तिथं किस्से लई पिकतात. गाळप चालू असलं की माणसाला घाम पुसायला सवड नसते, मग बोलणार कोण? पण त्या दुष्काळाच्या साली बीड जिल्ह्यातल्या आमच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. होता नव्हता तो ऊस जनावरांच्या छावणीला गेला. आम्ही वर्कशॉपमधे स्टुलावर बसून पान्यांना तेल लावत होतो. त्या साली पिकलेले बहुतेक किस्से एका लाल गाडीचे, आणि ती गाडी ज्याच्या हातात गेली त्या युसूफचे. सांगताना अजून माझ्या पोटात आग पडते!

मी भास्कर. कारखान्याच्या जीप, ट्रॅक्टर, ट्रक, जे जे चाकावर चालतं ते माझ्याकडं. युसूफ टर्बाइनवर. म्हणजे ज्या यंत्राला चाकं नाहीत, जे जागचं हलत नाही, ते त्याच्याकडं. आमची भिंत एक, चहाची किटली एक, आणि बोलणं रोजचं. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

*

आमचे चेअरमन आबा. धोतर, टोपी, आणि शब्द मोजून. त्यांचा पुतण्या विक्रमदादा मात्र शौकीन. त्यानं पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, बुटकी, दोन दरवाज्यांची, टर्बोवाली!

टर्बो म्हणजे इंजिनच्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून गाडी पळते. पण तो ज्या तेलावर फिरतो ते तेल भयंकर तापतं. तापलं की पातळ होतं, पातळ झालं की इंजिन घासायला लागतं. पुण्यात ते निभत असेल. आमच्या उन्हात पाटोद्यापर्यंत जाईस्तोवर तेलाचा काटा लाल पट्ट्यात!

दादा गाडी घेऊन वर्कशॉपमधे आले. मी हात धुतले, शर्टाची बटणं लावली, पुढं झालो. गाडी माझीच की! चाकं होती तिला!

दादांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "युसूफभाई," ते म्हणाले, "तुमच्या टर्बाइनला ऑइल कूलर असतो ना? तसला हिला बसवायचा."

युसूफनं बॉनेटवर हात ठेवला. "टर्बाइन आन् टर्बो सख्खे भाऊ हायेत दादा. फिकर नको."

सख्खे भाऊ! एक खोलीएवढा, एक नारळाएवढा!

घरी गेलो. बायकोनं ताट वाढलं. मी भाकरी मोडली आणि नुसता बसलो.

"काय झालं? जेवणात काय कमी पडलं का?" ती म्हणाली.

"कमी काही नाही पडलं. युसूफ जास्त पडला!"

*

नुसत्या गाडीसाठी माणूस एवढा जळतो का, असं कुणी विचारील. जळतो. पण कारण आणखी एक होतं. गाळप नाही म्हणून कारखान्यानं माणसं घरी बसवायला सुरुवात केली होती. कुजबुज अशी की वर्कशॉपमधे आम्हा दोघा जुन्यांपैकी एकालाच ठेवणार. आणि आबा काही झालं तरी पुतण्याचं ऐकायचे. म्हणजे लाल गाडीचं तेल ज्याच्या हातानं थंड होईल, त्याची चूल पेटती राहणार.

हे मला माहीत होतं. युसूफलाही माहीत होतं.  आम्ही नुसता चहा प्यायलो, आणि त्या दिवशी त्याच्या कपात जास्त चहा पडलाय असं मला वाटलं!

*

युसूफ परळीला गेला आणि भंगारवाल्याकडून एक कूलर घेऊन आला. छोट्या रेडिएटरसारखी जाळी. तेल इंजिनमधून होसपाइपनं या जाळीत यायचं, वाऱ्यानं थंड व्हायचं, परत इंजिनात जायचं. जाळी चांगली होती. मी दूरनं बघितली आणि मनात म्हणालो, साली चांगली आहे!

पण बसवली कुठं? इंजिनच्या बाजूला, जिथं वारा म्हणून फिरकत नाही. मी बघत होतो. बोललो नाही. मला कुणी विचारलंच कुठं होतं?

अर्थात काटा परत लाल पट्ट्यात. मी खुश! चार दिवसांनी मोकळेपणानं जेवलो.

पण युसूफ हार मानणारा नव्हे. त्यानं काचेवर पाणी मारायची टाकी आणि पंप घेतला, जाळीसमोर बारीक फवारा लावला आणि आत एक बटण दिलं. बटण दाबलं की जाळीवर पाणी! तेही बोअरचं चालेना, त्याचा पांढरा क्षार जाळीवर बसतो. प्यायचं गोडं पाणी पाहिजे!

दादा निघाले गावागावातून रुबाब दाखवत. एका वस्तीवर टँकरची वाट बघत बायका घागरी घेऊन उभ्या. दादांनी तिथंच गाडी थांबवली, पोरांना बॉनेट उघडून दाखवलं आणि बटण दाबलं. फुस्स! बंपरखालून पाण्याची धार लागली.

सगळ्या बायका त्या धारेकडं बघायला लागल्या. मग गयाबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. तिनं शांतपणे आपली कळशी बंपरच्या खाली लावली.

"दाबा दादा, दाबा," ती म्हणाली. "टँकर काय आज येत न्हाई. तुमची गाडीच बरी हाय!"

*

ही गोष्ट जिल्हाभर झाली. कारखान्याच्या सभेत विरोधी पॅनलचा माणूस उठला. "सभासदाच्या म्हशीला पाणी न्हाई, आन् चेअरमनच्या घरची गाडी आंघोळ करती!"

 दुसऱ्या दिवशी आबा वर्कशॉपच्या दारात उभे राहिले.

"पाणी बंद. वाऱ्यावर थंड करायची. दोघं मिळून करा." एवढं म्हणून गेले.

दोघं मिळून! मला आनंद व्हावा की दुःख, कळेना. गाडीला हात लावायला मिळणार, पण अर्ध्याच गाडीला!

आम्ही कामाला लागलो. जाळी काढून पुढच्या बंपरच्या मागं, थेट वाऱ्यात आणली. जाळी धरायचे लोखंडी ब्रॅकेट युसूफनं केले. गाडीच्या तोंडापासून जाळीपर्यंत वारा खेचून आणायला पत्र्याचा बोगदा मी केला. त्याचे ब्रॅकेट मजबूत होते. माझा बोगदा जास्त देखणा होता. हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "बोगद्यातून रेल्वे जाती का बे?"

मी म्हटलं, "युसूफ, थर्मोस्टॅट पण लावू. हिवाळ्यात तेल फार गार राहिलं तर तेही वाईट. व्हॉल्व असला की गरज असेल तेव्हाच तेल जाळीकडं जाईल."

तो पाना ठेवून हसला. "हिवाळ्यापत्तूर आपल्यातला कोण हितं ऱ्हातो, ते बघ आदी!"

 थर्मोस्टॅट मात्र आम्ही लावला.

*

मधेच दादांसाठी एक स्थळ निघालं. पाटोद्याचं, चांगलं घर. दादा अर्थातच लाल गाडीतून. आबा, मी आणि युसूफ मागून जीपमधे.

आता टर्बोच्या गाडीचा एक नियम आहे. जोरात पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. थोडा वेळ चालू ठेवायची, म्हणजे तेल फिरत राहतं आणि टर्बो हळूहळू निवतो. नाहीतर आतच तेल जळून त्याचा कोळसा होतो. हे दादांना मी सांगितलं होतं. मी! युसूफनं नव्हे!

दारात मुलीचे वडील, मामा, काका, हातात पाण्याचा तांब्या आणि टॉवेल. गाडी येऊन थांबली. काळ्या काचा वर. इंजिन चालू. दादा उतरेनात.

मंडळी ताटकळली. शेवटी मुलीच्या वडिलांनी काचेवर टकटक केली. "उतरा की दादा."

काच थोडी खाली आली. "जरा थांबावं लागंल."

"कुणासाठी?"

"टर्बोसाठी!"

वडील मागं वळले आणि घरात ओरडले, "चहा थांबवा गं! टर्बोसाहेब मागून यायलेत!"

स्थळ फिसकटलं. मुलीच्या मामांनी निरोप पाठवला, मुलगा गर्विष्ठ आहे, दारात येऊन उतरत नाही. आबांनी दादांना विचारलं, "हे थांबायचं खूळ कुणाचं?"

दादा म्हणाले, "युसूफभाईनं सांगितलंय."

आबांनी युसूफला जीपमधे बसवून परत येईपर्यंत झापलं. मी शेजारी. अक्कल माझी, आणि शिव्या त्याला! तेवढ्यासुद्धा माझ्या वाट्याला आल्या नाहीत!

*

एकदा दादा परळीला गेले. तिथं वीजकेंद्राची राख वाहणारे ट्रक. दादांनी तसल्या एका ट्रकच्या मागं सगळा रस्ता काढला. परत आले तर माझ्या बोगद्यातून राख थेट जाळीत! पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी जाळी पांढरी. काटा लाल.

युसूफ खाली वाकून बघत म्हणाला, "बोगदा लई भारी झालाय भास्कर. वारा तर वारा, राखबी सोडत न्हाई!"

सगळं वर्कशॉप हसलं. मी जाळी काढली, हवेच्या पाइपनं फुंकली, बोगद्याच्या तोंडाला गाळणीसारखी बारीक जाळी लावली. परत बसवताना युसूफनं न सांगता दुसरं टोक धरलं. मी म्हटलं, "सोड, येतं मला." त्यानं सोडलं. जाळी माझ्या पायावर पडली!

*

आणि आता तो दिवस.

मे महिना. छावणीच्या चाऱ्याची बैठक बीडला. आबांना वेळेवर पोचायचंच होतं, कारण विरोधी पॅनल आधीच तिथं पोचलेलं. आणि आबांच्या जीपचं इंजिन माझ्याकडं उघडून पडलेलं, पार्ट टेबलावर मांडलेले.

आबांनी लाल गाडीकडं बघितलं. स्थळ फिसकटल्यापासून तिचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. "हीच काढा," म्हणाले. "आन् तुमी दोघंबी चला. वाटंत बंद पडली तर ढकलाया."

दादा स्टिअरिंगवर. शेजारी आबा, धोतर सावरून, जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखे. मागं मी आणि युसूफ. मागची सीट माणसांसाठी नव्हतीच, पिशव्यांसाठी होती. माझे गुडघे माझ्या हनुवटीला, युसूफचं कोपर माझ्या बरगडीत. भर दुपार. बाहेर डांबर वितळत होतं.

दादांनी गाडी सोडली. आम्ही दोघं पुढच्या दोन सीटांच्या फटीतून काट्याकडं बघत होतो. एकच फट, दोन डोकी. काटा चढला. थांबला. परत जरा चढला. युसूफ पुटपुटत होता, मी मनातल्या मनात वैजनाथाला बोलावत होतो. आम्ही दोघंही एकाच गाडीसाठी विनंती करत होतो, पण नोकरी एकाचीच राहणार होती.

बीड आलं. बैठकीच्या इमारतीसमोर गाडी थांबली. काटा कुठं होता ते आबांच्या टोपीमुळं मला दिसेना. तेवढ्यात गाडीत एक वास आला. गरम, करपट. नव्या होसपाइपच्या रबराचा होता की तेलाचा, मला सांगता येईना. युसूफचं नाकसुद्धा वर झालेलं.

आबांनाही वास आला. ते उतरले नाहीत. मान न वळवता म्हणाले,

"हे काम कुणाचं?"

आता आबांचा आवाज कसा, तर सपाट. बढती द्यायची असो की घरी पाठवायचं असो, आवाज एकच! चेहरा आम्हाला दिसत नव्हता. शाबासकी होती का फटका, कळायला मार्गच नव्हता.

"युसूफचं!" मी म्हणालो.

"भास्करचं!" युसूफ म्हणाला.

एकदमच! दादा स्टिअरिंग धरून दचकले.

आबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "मी चेअरमन झाल्यापसून बघायलोय. चांगलं झालं की जो तो म्हणतो मी केलं. वाईट झालं की म्हणतो त्यानं केलं. तुमी दोघंबी दुसऱ्याचं नाव घ्यायलात. मग हे चांगलं झालंय का वाईट, मला कसं कळावं?"

आबांनी आपल्या बाजूचं दार उघडलं.

"सोमवारी दोघंबी कामावर या," आबा म्हणाले. "आता मला हितून वर काढा."

सीट एवढी खाली की त्यांना उठता येईना. दादा उतरले, त्यांच्या बाजूनं आम्ही दोघं बाहेर निघालो. युसूफनं एक हात धरला, मी दुसरा, आणि चेअरमनसाहेबांना उन्हात उभं केलं. त्यांनी धोतर झटकलं आणि मागं न बघता पायऱ्या चढून गेले.

आम्ही दोघं गाडीच्या नाकाशी उभे राहिलो.

"माझं नाव कावून घेतलं बे तू?" युसूफनं विचारलं.

"आधी तू सांग. माझं कावून घेतलं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग दोघंही एकदम गुडघ्यावर बसलो आणि वाकून गाडीच्या खाली बघितलं.

एक थेंबसुद्धा गळलेला नव्हता!